वसतिगृहाच्या वयातली दाढ

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हा तिघांपुढे स्वाभाविकच आठवणींचा विषय उभा राहिला. पहाटेची घंटा, हौदावरची आंघोळ, भारनियमनाच्या काळात कंदिलाभोवती बसून केलेला अभ्यास, स्वयंपाकघरातील मावशींच्या हातची भाजी-भाकरी यांविषयी या अंकात अनेकजण आमच्याहून सरस लिहितील. आम्ही मात्र एका दाढेविषयी लिहावयाचे ठरविले. आमच्यापैकी एकजण दंतशल्यचिकित्सक आहे, दुसऱ्याने पुढे अनेक वर्षे एका वसतिगृहाचे अधीक्षकपद सांभाळले, आणि तिसऱ्याच्या हनुवटीखाली तीन बोटे लांबीचा व्रण आहे. त्या व्रणाची हकीकत प्रथम सांगतो. या लेखाचे कारण तीच आहे.

नव्वदच्या दशकाचा आरंभ होता. आम्ही बारावीत होतो आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. आमच्या या मित्राची डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ ठणकू लागली. पहिले दोन दिवस त्याने लवंग धरली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवावयास दिली. ठणका घटकाभर थांबला. चौथ्या दिवशी गाल सुजला, तेव्हा आम्हीच विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून, रात्री उशिरापर्यंत त्याचा गाल शेकला. सेवाभावाने शेकला, हे येथे नमूद करावयास हवे. गावातील औषधांच्या दुकानातून कसल्याशा दोन कॅप्सूल आणल्या. दोनच, कारण खिशात तेवढेच पैसे होते. तोंड आता एक बोट शिरेल इतकेच उघडत होते. गुरुजींना सांगावे तर ते घरी पाठवतील आणि परीक्षा बुडेल, या भीतीने कोणीच बोलले नाही. घरी कळवावे तर त्याच्या गावात फोन नव्हता.

सहाव्या रात्री सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. मान लाकडासारखी कडक झाली, जीभ टाळ्याकडे उचलली गेली, थुंकी गिळता येईना, आडवे झाले की श्वास कोंडू लागला. तेव्हा मात्र आम्ही धावत गुरुजींकडे गेलो. त्यांनी एका दुधाच्या गाडीवाल्यास उठवून मुलास जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी त्याच रात्री हनुवटीखाली छेद देऊन आतील पू व दाब मोकळा केला. संमतीच्या कागदावर पालक म्हणून गुरुजींनी सही केली. वडील तिसऱ्या दिवशी पोहोचले. मित्र वाचला, त्याने बारावीची परीक्षा ऑक्टोबरमध्ये दिली. डॉक्टरांचे एक वाक्य गुरुजी पुढे कितीदा तरी सांगत, की मुलाला आणखी एक रात्र घरगुती उपायांवर ठेवले असते तर नुसता श्वास अडून तो गेला असता. त्याचा जीव धोक्यात आणणारी वस्तू एवढीच, की एक दाढ जबड्यात नीट उगवू शकली नव्हती.

त्या दाढेला आपण अक्कलदाढ म्हणतो. ‘अक्कल’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘दाढ’ ही संस्कृतातील दंष्ट्रा, पालीतील दाठा. अरबीत आणि लॅटिनमध्येही या दाढेस बुद्धीची दाढ असेच म्हणतात, कारण ती माणूस शहाणा होण्याच्या वयात येते अशी समजूत. जपानी भाषेतील नाव मात्र निराळे आहे : ‘ओयाशिराझु’, म्हणजे आईवडिलांना ठाऊक नसलेली. मूल मोठे होऊन आईवडिलांच्या नजरेआड गेल्यावर ही दाढ उगवते, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. वसतिगृहात वाढलेल्या माणसास हे नाव अधिक खरे वाटेल. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा आईने तो जपून ठेवला किंवा घराच्या आढ्यावर टाकला. ही शेवटची दाढ येते तेव्हा मूल शिक्षणासाठी, नोकरीसाठी परगावी असते आणि ते दुखणे अंगावर काढते.

माणसास एकूण ३२ दात. त्यांपैकी कायमच्या दाढा प्रत्येक बाजूस, वर व खाली, तीन-तीन. पहिली सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या आणि तिसरी साधारणतः १७ ते २५ या वयात. सर्वांत उशिरा येणाऱ्या या दाढेस जागाही सर्वांत मागची, उरलीसुरली मिळते. खालच्या जबड्यात तर तिच्यामागे लगेच कानाकडे वर चढणारे हाड असते. पुढे दुसरी दाढ, मागे हाड, अशा चिंचोळ्या जागेत दाढेस सरळ वर येता आले नाही म्हणजे ती अडकते. कधी ती पुढच्या दाढेकडे कलते, आणि हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. कधी पूर्ण आडवी पडते, कधी मागे झुकते, तर कधी सरळ असूनही हाडात किंवा हिरडीखाली राहते. जगभरातील पाहण्यांचा मेळ घातला तर सुमारे चौघांतील एकाची तरी एखादी अक्कलदाढ अडकलेली असते. उलट, साधारण पाचांतील एकास चारपैकी एखादी अक्कलदाढ मुळातच नसते. अशा मंडळींस कोणी बिनअकली म्हणू नये. ती भाग्यवान आहेत.

जागा अपुरी का पडते? आनुवंशिकता हे एक कारण आहे. आईचा लहान जबडा आणि वडिलांचे मोठे दात, असे वारशाने काय मिळेल ते सांगता येत नाही. दुसरे कारण अन्नाचे. भरड, चिवट अन्न वर्षानुवर्षे चावणाऱ्या माणसांचे जबडे अधिक वाढत आणि दात झिजून मागे थोडी जागा होत असे, असे अनेक संशोधक मानतात. दगडी जात्यावर दळलेल्या पिठाच्या भाकरीत दगडाची कणी असे, ती दात झिजवी. म्हणून कोणी पुन्हा जात्याकडे वळावे असे आम्ही सुचवीत नाही. दळणाचे कष्ट आमच्या आयांनी भोगले तेवढे पुरे.

पूर्णपणे हाडात गाडलेली दाढ बहुधा वर्षानुवर्षे निमूट राहते. खरा उपद्रव अर्धवट वर आलेली दाढ देते. तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्या झाकणाखाली भाताचे शीत, भाजीचा तंतू, तंबाखूची पूड जाऊन बसते. तेथे ब्रश पोचत नाही, चूळही पोचत नाही. जंतू वाढतात, हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ आपटत राहते, त्यामुळे ती आणखी सुजते. मग गिळताना दुखते, कानात कळ जाते, तोंडास वास येतो, आणि चावण्याचे स्नायू आखडून तोंड उघडेनासे होते. चार-सहा दिवसांत हे आपोआप ओसरते, आणि रुग्ण समजतो की बरे झाले. दोन-तीन महिन्यांनी, जागरण झाले किंवा सर्दीतापाने अंग दुबळे झाले की तोच प्रकार पुन्हा. परीक्षेच्या काळात ही दाढ दुखते असे विद्यार्थी म्हणतात. त्या दिवसांतील अपुरी झोप, वेळीअवेळी खाणे आणि दात घासण्याची टाळाटाळ पाहता त्यात नवल नाही.

आता त्या रात्रीकडे पुन्हा वळू. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांची टोके जबड्याच्या आतील बाजूस, जीभ ज्या स्नायूच्या पडद्यावर टेकलेली असते, त्याच्याही खालच्या पातळीस असतात. मुळाशी साठलेला पू हाड भेदून आतल्या बाजूस फुटला तर तो तोंडात न येता थेट हनुवटीखालच्या आणि मानेच्या पोकळ्यांत उतरतो. सूज दोन्ही बाजूंस पसरली म्हणजे जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. आता योग्य वेळी पोचलेले बहुतेक वाचतात, आणि त्यात सर्व भार ‘योग्य वेळी’ या दोन शब्दांवर आहे.

म्हणून पुढील खुणा प्रत्येक पालकाने आणि वसतिगृहातील प्रत्येक मोठ्या मुलामुलीने ध्यानात ठेवाव्यात. सूज हनुवटीखाली किंवा मानेवर उतरणे. लाळ गिळता न येणे, ती ओघळणे. जीभ उचलल्यासारखी वाटणे. तोंडात घास धरून बोलावे तसा आवाज येणे. उताणे निजता न येणे. सोबत थंडी वाजून ताप. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दवाखाना उघडेपर्यंत थांबू नये. त्याच रात्री, रात्रपाळीस डॉक्टर असतात अशा मोठ्या रुग्णालयात जावे.

आम्ही त्या मित्रास शेकले, ते चुकीचे होते. बाहेरून दिलेली ऊब त्या जागी रक्ताचा ओघ वाढविते आणि पू बाहेरच्या बाजूस पसरण्यास साहाय्य करते. दोन कॅप्सूलही चुकीच्याच. प्रतिजैविकाच्या अर्ध्यामुर्ध्या मात्रेने ठणका एक दिवस दबतो, आतले जंतू मरत नाहीत, आणि झाकणाखालची घाण तर जागच्या जागी राहते. लवंगेचा गुण खरा आहे. तिच्यातील तेल काही काळ जागा बधिर करते. पण लवंगेचे तेल थेट हिरडीवर ओतले तर हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याने तर पांढरा भाजल्याचा डागच उठतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून किडे पाडून दाखविणारे वैदू आमच्या लहानपणी बाजारात बसत. ते किडे दाढेतले नसत, एवढे सांगून तो विषय सोडतो.

तंबाखूचा मात्र सोडता येत नाही. आपल्या घरांतील किती आज्या, किती माम्या दाढ दुखते म्हणून मशेरी लावू लागल्या आणि जन्मभर तीतून सुटल्या नाहीत, याचा ज्याने त्याने आपल्या घरी हिशेब करावा. विदर्भात खऱ्र्याने तेच काम तरुण मुलांत चालविले आहे. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा त्यानंतरही टपऱ्यांवर मिळतच राहिला. सुपारीने गालाच्या आतील अस्तर हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. अशा रुग्णाची अक्कलदाढ सुजली की शल्यचिकित्सकाची दोन्हीकडून अडचण होते : हात जाण्यास जागा नाही आणि जखम भरण्यास निरोगी हिरडी नाही. तोंड उघडेनासे झाले की ते दाढेमुळेच असे गृहीत धरू नये. सूज ओसरूनही आपली तीन बोटे एकावर एक उभी तोंडात मावत नसतील तर तपासणी करून घ्यावी. हा पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा विकार आहे.

अक्कलदाढ दुखली म्हणजे काढलीच पाहिजे असे नाही, आणि अडकली आहे एवढ्यावरून तर मुळीच नाही. इंग्लंडमधील ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००० साली असा निर्देश दिला की, कोणताही रोग नसलेल्या अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. अन्य देशांतील काही शल्यचिकित्सकांचे मत याहून वेगळे आहे. आमचा कल साधारणपणे पहिल्या मताकडे आहे, मात्र अशा दाढेवर वेळोवेळी लक्ष ठेवण्याच्या अटीवर. झाकणाखालची सूज वारंवार येत असेल, दाढ किंवा तिच्यामुळे पुढची चांगली दाढ किडली असेल, मुळाशी पू झाला असेल, अथवा तिच्याभोवती पाण्याची पिशवी वाढून हाड पोखरत असेल, तर मात्र काढावी. आणि काढावयाची तर पंचविशीच्या आत काढलेली बरी. तोवर मुळे पुरती पक्की झालेली नसतात, हाड लवचीक असते आणि जखम लवकर भरते. चाळिशीत तीच दाढ काढणे डॉक्टरास आणि रुग्णास दोघांसही जड जाते. पुढच्या दाढेची हानी तर भरून निघत नाही. अक्कलदाढ गेली तर चावण्यात काही उणे पडत नाही, दुसरी दाढ गेली तर पडते.

निर्णयापूर्वी दोन्ही जबडे एकत्र दाखविणारे क्ष-किरण चित्र काढतात; त्यास ओपीजी म्हणतात. त्यात दाढेचा कल, मुळांचे वळण आणि मुख्यतः जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या चेतातंतूशी मुळांचे अंतर दिसते. हा तंतू खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहतो. मुळे त्यास अगदी चिकटलेली वाटली तर त्रिमितीय स्कॅन सांगतात. काही वेळा केवळ दाढेचा माथा कापून मुळे जागीच ठेवण्याचा मार्गही पत्करतात.

डॉक्टरांस काय काय सांगावे, हे येथे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. दमा, मधुमेह, झटके, हृदयाच्या झडपेचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वी दात काढल्यावर रक्त न थांबल्याचा अनुभव, पेनिसिलिनची किंवा अन्य औषधाची अ‍ॅलर्जी, मुली-महिलांच्या बाबतीत गर्भारपण, हे सारे न विचारता सांगावे. आपल्या भागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती सिकलसेलची. विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत तो आहे. तो सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याच्यात आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला आहे, त्या वाहकास दाढ काढण्यात सहसा अडचण येत नाही. पण ज्यास दोघांकडून आला आहे, म्हणजे जो रुग्ण आहे, त्याच्या बाबतीत दाढेचा जंतुसंसर्ग, ताप, शरीरातील पाणी कमी होणे किंवा थंडी यांनी अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने दाढेचे दुखणे एक दिवसही अंगावर काढू नये, आणि दाढ काढावयाची ती त्याच्यावर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णालयात. सरकारी रुग्णालयांत सिकलसेलची तपासणी होते व ओळखपत्र मिळते. ते पत्र पेटीच्या तळाशी ठेवण्यासाठी नसते; दंतवैद्यासही दाखवावे.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. लोकांच्या मनात भीती आहे ती हिची, आणि भीतीचे खरे कारण जुने आहे. बधिर करण्याची विद्या अवगत होण्यापूर्वी दाढ काढणे म्हणजे चार माणसांनी धरून ठेवणे होते. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढवून घेतली, ती वेदनेविना. वैद्यकातील भुलेच्या इतिहासाचा आरंभ जेथून सांगतात, त्या घटनांपैकी ही एक. आज जे इंजेक्शन बहुधा देतात त्यातील लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली सिद्ध झाले.

खालच्या दाढेसाठी हे इंजेक्शन जबड्याच्या मागील बाजूस, तोंडाच्या आतून देतात. टोचल्याचे कळते. पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा ओठ, हनुवटी आणि अर्धी जीभ जड होते. भूल चढल्यावर दुखत नाही, पण दाब, ओढ आणि आवाज कळतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो आणि भूल चढली नाही असे समजतो. खरेच दुखले तर डावा हात वर करावा. डॉक्टर थांबतात आणि आणखी औषध देतात. त्यानंतर हिरडीस छेद देऊन ती बाजूस करतात, दाढेभोवतीचे थोडे हाड फिरत्या अवजाराने, पाण्याच्या धारेखाली, दूर करतात. दाढ अखंड निघण्याजोगी नसेल तर तिचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढतात; तुकडे केल्याने हाड कमी कापावे लागते, म्हणून ते चांगले लक्षण समजावे. मग खोबण धुऊन दोन-तीन टाके घालतात. हे सारे बहुधा वीस मिनिटे ते पाऊण तासात आटोपते. आमच्यापैकी ज्याचा व्रण आहे त्याने पुढे उजव्या बाजूची दाढ अशीच, रीतसर, सूज नसताना काढून घेतली. त्याचे म्हणणे असे की, डावीच्या सहा रात्रींपुढे उजवीची चाळीस मिनिटे काहीच नव्हती. सर्वांत त्रासदायक होते ते इतका वेळ तोंड उघडे ठेवणे.

दाढ काढल्याने डोळे अधू होतात ही समजूत अजून खेड्यापाड्यांत आहे, आणि शिकलेल्या घरांतही ती हळू आवाजात बोलली जाते. पाहण्याचे काम करणारा चेतातंतू वेगळा आणि दातांची संवेदना वाहणारा वेगळा. वरच्या दातांचा तंतू डोळ्याच्या खोबणीच्या तळाखालून जातो, त्यामुळे वरची दाढ दुखली की डोळ्यापर्यंत कळ जाते. त्या कळेवरून ही समजूत रूढ झाली असावी. खरा धोका निराळा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. खालच्या दाढेनंतर शेकड्यात काही जणांस ओठ, हनुवटी किंवा जीभ यांत काही आठवडे ते महिने बधिरपणा वा मुंग्या राहतात. कायमचा बधिरपणा शेकड्यात एकाहूनही कमी जणांस येतो. ज्याच्या क्ष-किरण चित्रात मुळे तंतूशी लागलेली दिसतात त्यास हा धोका अधिक. सही करण्यापूर्वी याविषयी विचारावे. चांगला शल्यचिकित्सक अशा प्रश्नाने रागावत नाही.

घरी किंवा वसतिगृहात परतल्यावर जे करावयाचे त्याचा गाभा एका गोष्टीत आहे. रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी धरते, तिच्याच आधाराने नवी हिरडी आणि हाड तयार होते. ती गुठळी जपावयाची. तोंडातील कापसाची गादी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावी. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, पिचकारी टाकू नये, नळीने ओढून पिऊ नये. थुंकी गिळावी, तीत थोडा लाल रंग दिसेल. ओठाची बधिरता जाईपर्यंत गरम काही खाऊ-पिऊ नये आणि गंमत म्हणूनही ओठ चावू नये. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दहा-पंधरा मिनिटे लावून तेवढाच वेळ थांबून. एक उशी जास्त घ्यावी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते. याच दिवशी घाबरून फोन येतात. ती त्यानंतर उतरते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, न खळबळवता, जेवणानंतर चूळ. मऊ भात-वरण, खिचडी, ताक, निवलेली आंबील, केळे यांवर चार दिवस निभतात. तंबाखू, खर्रा, विडी, मद्य वर्ज्य. दात घासणे वर्ज्य नाही, जखम सोडून बाकी सर्व दात दुसऱ्या दिवसापासून घासावेत.

वेदनेच्या गोळ्या भूल उतरण्याआधीच, पोटात काही असताना घ्याव्यात. एक माहिती अनेकांस ठाऊक नसते : जगात नव्या वेदनाशामकांची परीक्षा बहुधा अक्कलदाढ काढलेल्या तरुण, निरोगी स्वयंसेवकांवरच घेतली जाते, कारण ही वेदना किती व केव्हा होईल याचा अंदाज बांधता येतो. अशा चाचण्यांतून दिसले की आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्याने, ज्यांस ती चालतात त्यांस, उत्तम आराम पडतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी; दमा, आम्लपित्ताचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. प्रतिजैविक दिले असेल तर ठरलेले दिवस पूर्ण करावे. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य घेऊ नये.

वेदना रोज कमी होत जावयास हवी. ती कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढली, कानापर्यंत जाऊ लागली आणि तोंडास घाणेरडी चव आली, तर गुठळी निसटून खोबण उघडी पडली असे समजावे. ही जीवघेणी बाब नाही, पण वेदना असह्य असते. डॉक्टर खोबण धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुधा तासाभरात उतार पडतो. विडी-तंबाखू घेणाऱ्यांत हा प्रकार अधिक दिसतो. रक्त थांबत नसेल, ताप चढत असेल किंवा आधी सांगितलेल्या मानेच्या खुणा दिसल्या तर लगेच परत जावे. टाके रेशमी असतील तर सातव्या दिवशी काढून घ्यावेत. गावी गेल्यावर तेथेच कोणाकडून तरी काढू, असे म्हणणारे ते तोंडातच विसरतात.

खर्चाची चिंता ही लपविण्याजोगी गोष्ट नाही. आमच्या मित्राच्या त्या सहा दिवसांमागे खिशातील रिकामेपणाही होता. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे मुखशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो आणि खासगी दवाखान्याच्या मानाने अल्प शुल्कात हे काम होते. रांग लागते, दोन-तीन खेपा कराव्या लागतात. सकाळी लवकर जावे, सोबत जुनी कागदपत्रे न्यावीत.

राहिला प्रश्न सहीचा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याच्या शस्त्रक्रियेस पालकांची लेखी संमती लागते. गुरुजींनी त्या रात्री जी सही केली, ती करताना त्यांचा हात कापत होता, हे आम्ही पाहिले आहे. आज फोन हाताशी असला तरी बाप ऊसतोडीस गेलेला, आई दुसऱ्या जिल्ह्यात कामावर, फोन लागत नाही, असे प्रसंग अधीक्षकांस नवीन नाहीत. म्हणून आमची पालकांस विनंती अशी की, जूनमध्ये मूल वसतिगृहात सोडताना गणवेश आणि ताट-वाटीबरोबर एक कागदही द्यावा : मुलाचा रक्तगट, सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, पूर्वीची आजारपणे, दोन नातेवाइकांचे चालू फोन क्रमांक, आणि तातडीच्या प्रसंगी आमच्याशी संपर्क न झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचारास अधीक्षकांनी संमती द्यावी, असे सहीनिशी लिहिलेले वाक्य. दहावी, अकरावी, बारावीच्या मुलामुलींस निरोप देताना ‘जेवलास का’ याबरोबर ‘मागची दाढ दुखते का’ हेही विचारावे. कागदाचा एक नमुना आम्ही तिघांनी तयार करून शाळेच्या कार्यालयात दिला आहे. त्याच्या प्रती तेथे मिळतील.